चोवीस शब्द लिहून ठेवले म्हणजे नोडचा बॅकअप झाला का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी रास्पबेरी पाय ५ या छोट्या कॉम्प्युटरवर बिटकॉइन कोअर (बिटकॉइनचा नोड, म्हणजे ब्लॉकचेन स्वतः तपासणारं सॉफ्टवेअर) आणि त्याच्यावर एलएनडी (झटपट पेमेंटच्या लाइटनिंग नेटवर्कचं सॉफ्टवेअर) चालू आहे, काही लाइटनिंग चॅनल उघडलेत, सेटअपच्या वेळी स्क्रीनवर आलेले चोवीस शब्द वहीत लिहून घेतलेत, आणि रोज रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप काम करणारी सोय) अख्ख्या एसएसडीची कॉपी दुसऱ्या डिस्कवर जाते. एवढं पुरे का? शब्द बायकोला सांगून ठेवू की बँकेच्या लॉकरमध्ये टाकू? आणि पासफ्रेज देवनागरीत ठेवला तर जास्त सेफ ना?

भाऊ, सरळ सांगतो, पुरे नाही. आणि ती रात्रीची अख्खी कॉपी ज्याला तुम्ही बॅकअप म्हणताय ना, ती तुमच्या सगळ्या मांडणीतली सगळ्यात धोक्याची गोष्ट आहे, तिच्यावर खाली सविस्तर येतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. नोडमध्ये गुपित एकच नसतं, पाच-सहा वेगवेगळी असतात, आणि प्रत्येकाची घात करायची पद्धत वेगळी. काही गुपितं हरवली की पैसे जातात, काही दुसऱ्याच्या हाती लागली की जातात, आणि लाइटनिंगमध्ये एक अशी फाइल आहे की तिची जुनी कॉपी तुम्ही स्वतःच वापरली तरी पैसे जातात. लोक हे तिन्ही एकाच डब्यात टाकतात, "सीड लिहिलंय ना, मग झालं" (सीड म्हणजे ते चोवीस शब्द, ज्यांच्यातून एलएनडीच्या चाव्या निघतात), आणि तिथेच सगळा घोळ सुरू होतो. मी लोकांना नोड लावून देतो तेव्हा प्रत्येक फाइलपुढे हेच तीन प्रश्न विचारायला लावतो: हरवली तर काय, चोरली तर काय, शिळी झाली तर काय.

आता तुमच्या पायवर काय काय आहे ते बघू. पहिलं, बिटकॉइन कोअरचं स्वतःचं वॉलेट, म्हणजे वॉलेट डॉट डॅट फाइल. जर तुम्ही ते कधी बनवलं असेल तर, कारण ०.२१ व्हर्जनपासून कोअर स्वतःहून वॉलेट बनवत नाही. याचा तुमच्या चोवीस शब्दांशी काहीही संबंध नाही, कोअर शब्द देतच नाही, त्याच्या चाव्या फक्त त्या फाइलमध्ये. म्हणजे समजा कोअरच्या अ‍ॅड्रेसवर तुम्ही थोडे बिटकॉइन घेतलेत आणि डिस्क मेली, तर वहीतल्या शब्दांनी ते परत येणार नाहीत. हा गैरसमज इतका कॉमन आहे की मी पहिला प्रश्न हाच विचारतो, कोअरमध्ये किती आहे आणि एलएनडीमध्ये किती आहे, आणि अर्ध्या लोकांना ते वेगळं असतं हेच माहीत नसतं.

दुसरं, एलएनडीचे चोवीस शब्द. दिसायला हे हार्डवेअर वॉलेटच्या शब्दांसारखेच, कारण यादी तीच, बिप ३९ ची २०४८ इंग्रजी शब्दांची. पण आतली मांडणी वेगळी, तिला एझीड म्हणतात, त्यात व्हर्जन आणि वॉलेटची जन्मतारीखसुद्धा असते म्हणजे रिस्टोर करताना कुठल्या ब्लॉकपासून शोधायचं ते त्याला कळतं. म्हणून हे शब्द ट्रेझरमध्ये किंवा बहुतेक मोबाइल वॉलेटमध्ये टाकले की "चुकीचे शब्द" असा एरर येतो आणि माणसाचा जीव वर-खाली होतो. शब्द चुकीचे नसतात, वॉलेट चुकीचं असतं. तर कागदावर शब्दांसोबत हेही लिहा: "एलएनडी, एझीड, अमुक साली बनवलं, सायफर सीड पासफ्रेज आहे किंवा नाही". दहा वर्षांनी तो कागद बघणारा माणूस तुम्ही नसाल कदाचित.

तिसरं, एलएनडीचा पासवर्ड, जो रीस्टार्टनंतर अनलॉक करायला लागतो. हा फक्त त्या मशीनवरच्या फाइलचं कुलूप आहे. रिस्टोर करताना नवीन देता येतो. सायफर सीड पासफ्रेज, म्हणजे शब्द बनवताना त्यांच्यावर लावता येणारं जास्तीचं कुलूप, मात्र वेगळा, तो दिला असेल तर शब्दांइतकाच महत्त्वाचा, तो विसरलात तर शब्द असून नसल्यासारखे. चौथं चॅनल डॉट डीबी, पाचवं चॅनल डॉट बॅकअप, आणि सहावं ती मॅकरून नावाची फाइल. या तिघांवर जरा वेळ घालवूया, पण त्याआधी सीड बनवण्याबद्दल.

सीड सॉफ्टवेअरला बनवू द्या, स्वतःच्या डोक्यातून शब्द निवडू नका. माणसाला रँडम जमत नाही. वाक्याचा हॅश (गणिती ठसा) काढून चावी बनवायची "ब्रेन वॉलेट" नावाची टूम होती, २०१५ च्या डेफकॉनमध्ये रायन कॅस्टेलुची यांनी ती किती पटापट फोडता येते हे टूलसकट दाखवलं. पण सॉफ्टवेअरही कुठलंही नको. २०२३ मध्ये लिबबिटकॉइन एक्सप्लोररची भानगड बाहेर आली, मिल्क सॅड नावाने ओळखतात, त्याच्या ३.x व्हर्जनमधली सीड कमांड दाखवायला लांबलचक रँडम आकडा द्यायची पण आत खरा रँडमपणा फक्त ३२ बिटचा होता, घड्याळाच्या वेळेवरून काढलेला. म्हणजे चारशे-सव्वाचारशे कोटी शक्यता, साध्या कॉम्प्युटरला सुद्धा ते काही फार नाही. लोकांनी शब्द स्टीलवर कोरलेले, तिजोरीत ठेवलेले, आणि पैसे तरी गेले, कारण चोराला शब्द शोधायची गरजच नव्हती, तो ते मोजत मोजत पोचला.

म्हणून डाउनलोड केलेल्या फाइलची सही तपासा, कोअरसोबत चेकसमची फाइल आणि त्याच्यावर अनेक बिल्डरांच्या सह्या येतात, एलएनडीसोबत मॅनिफेस्ट येतं, दहा मिनिटांचं काम आहे. टेलिग्रामवर कोणीतरी दिलेली "तयार इमेज" कार्डावर टाकून नोड चालू करू नका. आणि कोणावरच भरोसा ठेवायचा नसेल तर फासे. सहा बाजूंचा साधा ल्युडोचा फासा ९९ वेळा टाकला की जवळजवळ २५६ बिट होतात, ५० वेळा टाकला की १२८ च्या थोडं वर. काही हार्डवेअर वॉलेट हे आकडे घेऊन सीड बनवतात. कंटाळवाणं आहे पण एकदाच करायचंय.

शब्द स्क्रीनवर येतात तो क्षण सगळ्यात उघडा असतो. टर्मिनलमधून एलएनसीएलआय क्रिएट चालवलंत तर शब्द टर्मिनलच्या स्क्रोलबॅकमध्ये राहतात, टीमक्सला लॉगिंग लावलं असेल तर थेट फाइलमध्ये. अम्ब्रेलसारख्या तयार सिस्टिमवर शब्द ब्राउझरमध्ये दिसतात, घरच्या नेटवर्कवर साध्या एचटीटीपीने, आणि ब्राउझरमध्ये तुम्ही कूपन शोधणारी, ग्रामर तपासणारी काय काय एक्स्टेन्शन टाकलेली असतात ती सगळी ते पान वाचू शकतात. तेव्हा एक्स्टेन्शन नसलेली प्रायव्हेट विंडो, वाय-फायवर पाहुणे नाहीत अशी वेळ, आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. फोटो तर अजिबात नको. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्कीने स्पार्ककॅट नावाचं मालवेअर दाखवलं, ते गुगल प्ले आणि अ‍ॅपलच्या स्टोअरवरच्या अ‍ॅप्समध्ये घुसलेलं होतं आणि गॅलरीतल्या फोटोंमधून अक्षरं वाचून सीडचे शब्द शोधत होतं. तुमच्या गॅलरीत लग्नाचे चार हजार फोटो असले तरी मशीनला काय, ते सगळे चाळतं.

कोअरच्या वॉलेटबद्दल आता. बनवतानाच पासफ्रेज द्या, नंतर एन्क्रिप्ट करू असं ठेवू नका. नंतर एन्क्रिप्ट केलंत की कोअर नवीन चाव्या तयार करतो, म्हणजे आधी घेतलेल्या बॅकअपमध्ये पुढच्या अ‍ॅड्रेसच्या चाव्या नसतात. तो मेसेज देतो, "नवा बॅकअप घ्या", पण वाचतं कोण. शिवाय एन्क्रिप्ट करण्याआधीची उघडी फाइल एसएसडीच्या कुठल्यातरी कोपऱ्यात राहिलेली असू शकते, डिलीट केली म्हणजे पुसली असं फ्लॅशमध्ये होत नाही.

बॅकअप घेताना नोड चालू असेल तर फाइल नुसती कॉपी-पेस्ट करू नका, बॅकअपवॉलेट ही कमांड वापरा, ती नीट बंद झालेली कॉपी देते. परत आणायला रिस्टोरवॉलेट. बॅकअप कधी कधी? वॉलेट बनवल्यावर, एन्क्रिप्ट केल्यावर, बाहेरून एखादा डिस्क्रिप्टर (चाव्या कशा काढायच्या ते सांगणारी ओळ) आत घेतल्यावर. एकेकाळी दर शंभर अ‍ॅड्रेसला नवा बॅकअप लागायचा, २०१६ च्या ०.१३ पासून एकाच बीजातून सगळ्या चाव्या निघतात म्हणून ते संपलं. तरी मी अधूनमधून नवी कॉपी घेतो कारण लेबलं त्या फाइलमध्येच असतात, आणि कुठला व्यवहार कसला हे आपल्याला आयकराच्या वेळी लागतंच, ३० टक्क्यांचा हिशोब लावायला खरेदीचा भाव सीडमधून काही मिळत नाही. ज्यांचं वॉलेट फार जुनं आहे त्यांनी ते डिस्क्रिप्टर प्रकारात मायग्रेट करायचं बघा, २३.० पासून नवीन वॉलेट डिस्क्रिप्टरचंच बनतं आणि ३०.० मध्ये जुना प्रकार उघडणंच बंद झालंय. मायग्रेट करण्याआधी जुन्या फाइलची कॉपी त्या मशीनच्या बाहेर काढून ठेवा, हे सांगायला नको पण सांगतो.

एक गोष्ट लक्षात येत नाही लोकांच्या: वॉलेट डॉट डॅटचं एन्क्रिप्शन फक्त चाव्यांना झाकतं. अ‍ॅड्रेस, व्यवहार, लेबलं सगळं उघडं. पेन ड्राइव्ह हरवला तर पैसे जाणार नाहीत पण तुमच्याकडे किती आहे हे सापडणाऱ्याला कळेल, म्हणून फाइल अजून एकदा जीपीजीने (फाइलला कुलूप लावणारं सॉफ्टवेअर) बांधून मगच बाहेर न्या. आणि टर्मिनलमध्ये वॉलेटपासफ्रेज कमांडच्या पुढेच पासफ्रेज टाइप केलात तर तो बॅशच्या हिस्टरीत साध्या अक्षरांत बसतो, बिटकॉइन-सीएलआयला पासफ्रेज वेगळा विचारायला लावणारा एसटीडीआयएन-वॉलेटपासफ्रेज (-stdinwalletpassphrase) हा पर्याय आहे, तो वापरा.

अजून एक, प्रून केलेला नोड. जागा वाचवायला लोक जुने ब्लॉक टाकून देतात, त्यात काही वाईट नाही, पण अशा नोडवर जुना बॅकअप रिस्टोर केला की त्याला मागचे ब्लॉक तपासता येत नाहीत, आणि मग परत सुरुवातीपासून सगळं डाउनलोड, शेकडो जीबी. पैसे गेलेले नसतात, फक्त दिसत नसतात, पण त्या चार दिवसांत झोप जाते.

तरीही माझं स्पष्ट मत, मोठी रक्कम असेल तर कोअरच्या वॉलेटमध्ये ठेवूच नका. नोडला चाव्यांची गरज नसते हो. हार्डवेअर वॉलेटमध्ये चावी, आणि नोडवर फक्त बघणारं वॉलेट, स्पॅरोसारखं सॉफ्टवेअर तुमच्या नोडला जोडायचं, सही हार्डवेअरवर. नोड चोरीला गेला तरी चोराच्या हाती चावी लागत नाही. "मी टेक्निकल आहे, मला सगळं जमतं" हा आत्मविश्वास इथे कामाचा नाही. ल्यूक डॅशजूनियर, बिटकॉइन कोअरचा कित्येक वर्षांचा डेव्हलपर, त्याने १ जानेवारी २०२३ ला सांगितलं की त्याची पीजीपी चावी फुटली आणि बिटकॉइन गेले, दोनशेच्या आसपास. त्याच्यापेक्षा जास्त कळणारे किती जण आहेत आपल्यात? लाइटनिंगला मात्र चाव्या गरम, म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या मशीनवरच, ठेवाव्याच लागतात, पेमेंट पुढे पाठवायला नोडला दर वेळी सही करावी लागते. म्हणून लाइटनिंग नोड हा दुकानाचा गल्ला समजा, रात्री दुकान फुटलं तर जेवढं गेलेलं परवडेल तेवढंच त्यात.

आता मुख्य मुद्दा, तुमची ती रात्रीची कॉपी.

चॅनल म्हणजे तुम्ही आणि पीअर (समोरचा नोड) यांच्यातला हिशोब, जो दर पेमेंटला बदलतो. नवा हिशोब झाला की जुना दोघं मिळून रद्द करतात, आणि रद्द करताना तुम्ही समोरच्याला एक गुपित देऊन टाकता, की मी जर हा जुना हिशोब कधी ब्लॉकचेनवर टाकला तर या गुपिताने चॅनलमधले माझे सगळे पैसे तू घे. दंड म्हणूनच ठेवलंय ते, लबाडी होऊ नये म्हणून. चॅनल डॉट डीबी फाइलमध्ये आत्ताचा हिशोब असतो. आता समजा मंगळवारी रात्री तुमची क्रॉनची कॉपी झाली, बुधवारी दिवसभर पेमेंट आली-गेली, संध्याकाळी लाइट गेली आणि डिस्क खराब झाली. तुम्ही मंगळवारची कॉपी लावून नोड चालू केलात. तुमच्या नोडच्या मते मंगळवारचाच हिशोब खरा. पीअर ऑनलाइन असेल तर जोडताना दोघं आकडे जुळवतात, तुमचा नोड मागे आहे हे लक्षात येतं आणि तो स्वतः काही न टाकता समोरच्याला चॅनल बंद करायला सांगतो, वाचलात. पण पीअर ऑफलाइन असेल आणि तुम्ही वैतागून "फोर्स क्लोज" (समोरच्याच्या संमतीशिवाय चॅनल बंद) दाबलंत, तर तुमच्या हाताने रद्द झालेला हिशोब ब्लॉकचेनवर गेला. समोरच्याचा नोड किंवा त्याचा वॉचटॉवर (त्याच्या वतीने पहारा देणारा दुसरा नोड) ते बघतो आणि सगळं उचलतो. तो माणूस झोपलेला असेल, सॉफ्टवेअर करतं ते, त्यात कोणाचा वाईट हेतू लागत नाही. आणि चूक दाखवायला कुठे जाणार, प्रोटोकॉलने नियमाप्रमाणेच केलंय.

म्हणजे चॅनल डॉट डीबीची जुनी कॉपी ही काहीच कॉपी नसण्यापेक्षा वाईट. डिस्क इमेज, व्हीएमचा स्नॅपशॉट, क्लाउड सर्व्हरचा "काल रात्रीचा बॅकअप" या बटणाने परत आणलेलं मशीन, सगळ्यांना हेच लागू. तुमच्या क्रॉनच्या यादीतून एलएनडीचा ग्राफ फोल्डर आजच काढा. ब्लॉकचेनच्या फाइलीही काढा, त्यांचा बॅकअप कशाला, त्या नेटवर्कवरून परत मिळतात.

त्याच्या जागी चॅनल डॉट बॅकअप. ०.६ व्हर्जनपासून, २०१९ पासून ही सोय आहे. या छोट्याशा फाइलमध्ये बॅलन्स नसतो, कोणाकोणाशी चॅनल आहे, ते कुठे सापडतील, चॅनल कुठल्या व्यवहारातून उघडला एवढंच असतं. चॅनल उघडला किंवा बंद झाला की एलएनडी ती नव्याने लिहितो, पेमेंटला नाही. म्हणून ती पेमेंटमुळे शिळी होत नाही, पण नवीन चॅनल उघडून फाइल बाहेर नेली नाहीत तर तो चॅनल तिच्यात नसेल. तेव्हा क्रॉनच्या वेळेवर नको, फाइल बदलली की लगेच दुसरीकडे पाठवणारी छोटी स्क्रिप्ट लावा, आयनोटिफाय वापरून चार ओळींत होते. फाइल तुमच्या सीडमधून निघालेल्या चावीने एन्क्रिप्ट केलेली असते म्हणून गुगल ड्राइव्हवर, स्वतःच्या मेलवर, कुठेही गेली तरी चालेल, मला तर त्यात बरंच वाटतं, घराला आग लागली तरी ती बाहेर आहे. फक्त तिचा उपयोग चोवीस शब्दांशिवाय शून्य, आणि चॅनलमधल्या पैशांसाठी शब्दांचा उपयोग तिच्याशिवाय जवळजवळ शून्य. दोन्ही हवेत.

रिस्टोर केल्यावर काय होतं तेही कळून घ्या नाहीतर घाबराल. चॅनल परत जिवंत होत नाहीत. तुमचा नोड प्रत्येक पीअरला सांगतो की माझा डेटा गेलाय, तू बंद कर, मग पीअर आपल्या बाजूने फोर्स क्लोज करतो आणि तुमचा वाटा ऑन-चेन (थेट ब्लॉकचेनवर) येतो, फी जाते, त्या क्षणी अधांतरी असलेलं एखादं पेमेंट जाऊ शकतं. पीअर ऑनलाइन यायला लागतो. जो पीअर कायमचा गायब झालाय त्याच्याकडचे पैसे अडकतात, चॅनटूल्स नावाचं टूल काही केसमध्ये मदत करतं पण ते शेवटचं अस्त्र. म्हणून महिनोन् महिने ऑफलाइन असलेल्या पीअरशी चॅनल लटकत ठेवू नका, नोड धड आहे तोवरच बंद करून टाका. आणि रिस्टोर करताना एलएनडी अ‍ॅड्रेस शोधण्याची खिडकी, म्हणजे पुढचे किती तपासायचे, विचारतो, २५०० हा डीफॉल्ट, तिथे घाईत शून्य टाकलंत तर तो जुने ऑन-चेन पैसे शोधतच नाही आणि बॅलन्स शून्य दिसतो.

ही फाइल धड आहे का ते तपासायला व्हेरिफाय करणारी कमांड आहे. ती वापरा. "टेस्ट म्हणून" चालू नोडवर रिस्टोर मारू नका.

नवीन मशीनवर हलताना पण हेच डोकं लावायचं. पाय ४ वरून पाय ५ वर जाताना एलएनडी नीट बंद करा, अख्खा फोल्डर उचलून न्या, नव्यावर चालू करा, आणि जुना परत कधीही चालू होणार नाही अशी सोय करा, जुन्या डिस्कवरचा फोल्डर तिथल्या तिथे पुसा. एकाच नोडच्या दोन प्रती एकाच वेळी चालू झाल्या तर दोघी वेगवेगळा हिशोब खरा मानायला लागतात आणि वर सांगितलेला दंड बसायची शक्यता तयार होते. हे बहुतेकदा कसं होतं माहितीये, जुना पाय "असू दे, होम असिस्टंटला वापरू" म्हणून महिन्याने कोणीतरी प्लगमध्ये घालतं आणि एलएनडी आपोआप सुरू होतो.

लाइटच्या बाबतीत, ज्यांच्याकडे भारनियमन आहे किंवा पावसाळ्यात तासातासाला जाते-येते त्यांनी पाय आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. मेमरी कार्डवर चॅनल डॉट डीबी नको, एसएसडीच. ज्यांना खरंच चॅनल वाचवायचेत त्यांच्यासाठी रात्रीची कॉपी नाही तर आरसा, म्हणजे दोन डिस्क एकाच क्षणी लिहिल्या जातात असं रेड किंवा झेडएफएस. कोअर लाइटनिंग (एलएनडीऐवजीचं दुसरं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांना तर सेटिंगमध्येच डेटाबेसचा दुसरा पाथ देता येतो, आणि त्यांनी एचएसएम सीक्रेट फाइल आणि इमर्जन्सी रिकव्हर फाइल या दोन बाहेर ठेवायच्या, बाकी कथा तीच.

मॅकरून. अ‍ॅडमिन मॅकरून ही फाइल ज्याच्या हातात, आणि ज्याला तुमच्या नोडपर्यंत पोचता येतं, तो पासवर्ड न विचारता पैसे पाठवू शकतो. लोक फोनवरचं अ‍ॅप जोडायला जो क्यूआर स्कॅन करतात त्यात हीच असते, आणि तो क्यूआर स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करतात! स्क्रीन शेअर करताना उघडा ठेवतात, मदत मागताना स्क्रीनशॉट टाकतात. दुकानात फक्त बिल घ्यायचंय तर इन्व्हॉइस मॅकरून द्या, बघायचंय तर रीडओन्ली, आणि बेकमॅकरून कमांडने हवी तेवढीच परवानगी असलेली बनवता येते. फुटल्याचा संशय आला तर पासवर्ड बदलताना मॅकरूनची मूळ चावीही बदलायचा पर्याय आहे, त्याने जुन्या सगळ्या रद्द होतात. राउटरवर ८३३२ किंवा १०००९ असले (कोअरला आणि एलएनडीला हुकूम देण्याचे) पोर्ट इंटरनेटला उघडू नका, बाहेरून यायचं तर टोर किंवा वायरगार्डसारखा खाजगी रस्ता.

पण सीडच कोणी पाहिलं असं वाटलं तर पासवर्ड बदलून काही होत नाही, चाव्या त्याच राहतात. चॅनल पीअरच्या संमतीने बंद करा, पैसे नव्या सीडच्या वॉलेटला हलवा, उद्यावर टाकू नका.

आता शब्द कुठे. वही चालेल पण कोकणात चार पावसाळ्यांत वहीचं काय होतं ते सगळ्यांना माहितीये, बुरशी, कसर, आणि शाई पसरते. पेन्सिल शाईपेक्षा बरी. त्याहून बरं म्हणजे स्टेनलेस स्टीलची पट्टी आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा अक्षरांचा पंच सेट, प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं पुरतात कारण त्या यादीत पहिल्या चार अक्षरांवरूनच शब्द ओळखता येतो. शब्दांचे आकडे पण ठोका, क्रम गेला तर सगळं गेलं. दोन प्रती, दोन गावांत. बारा इकडे बारा तिकडे असं अर्धं-अर्धं करू नका, त्यात एकही तुकडा हरवला तरी सगळं बुडतं, म्हणजे धोका दुप्पट केलात.

बँकेचा लॉकर ठीक आहे, एक प्रत तिथे असू द्या. फक्त बँक तुमच्या पैशांची हमी देतेय असं समजू नका. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे आग, चोरी, कर्मचाऱ्याची फसवणूक यात बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंतच. तीन हजार भाडं तर तीन लाख. लॉकर वहिनींसोबत जॉइंट घ्या म्हणजे तुमच्या मागे त्यांना नॉमिनीच्या कागदपत्रांत अडकावं लागणार नाही.

वहिनींना शब्द तोंडी सांगून उपयोग नाही, चोवीस शब्द कोण लक्षात ठेवणार. त्यांना एक साधं पत्र लिहा, शब्दांशिवायचं: कुठे काय ठेवलंय, नोड बंद पडला तरी पैसे तिथेच आहेत घाई करू नका, ऑन-चेन किती आणि चॅनलमध्ये किती अंदाजे, चॅनल डॉट बॅकअप कुठल्या मेलवर जाते, आणि मदतीला कुठल्या एका माणसाला बोलवायचं पण त्याच्यासमोरसुद्धा शब्द स्वतःच्या हाताने टाकायचे. फोनवर कोणी "कंपनीतून बोलतोय" म्हणून शब्द मागितले तर फोन ठेवायचा. मृत्युपत्रात शब्द लिहू नका, ते वकील, साक्षीदार, कोर्ट अशा किती हातांतून जाईल सांगता येत नाही. मृत्युपत्रात फक्त पत्र कुठे आहे ते.

आणि हे सगळं पैसे टाकण्याआधी एकदा मोडून बघा. थोडे सॅट्स (बिटकॉइनचे बारीक तुकडे) ऑन-चेन पाठवा, दुसऱ्या कार्डवर कोरी सिस्टिम टाका, फक्त कागदावरून बघून रिस्टोर करा, पैसे दिसतात का बघा. तुमचे चॅनल आता उघडलेत तर एलएनडीचा हा प्रयोग चालू नोडच्या शब्दांनी करू नका, कोअरच्या वॉलेटचा करा, आणि एलएनडीचा नवीन सीड बनवून सिग्नेटवर, म्हणजे खोट्या नाण्यांच्या चाचणी नेटवर्कवर.

देवनागरी पासफ्रेजचं राहिलं. कल्पना छान वाटते पण मी ठामपणे नको म्हणतो. चोराला मराठी येत नाही म्हणून ते सेफ, असं नसतं, आणि दुसरं म्हणजे स्क्रीनवर सारखी दिसणारी अक्षरं मशीनला सारखी नसतात. "सुऱ्या" मधला तो र बघा, एका कीबोर्डवर तो नुक्त्याच्या ऱ पासून बनतो, दुसऱ्यावर साध्या र ला हलंत आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्याला एकच, बाइट वेगळे, पासफ्रेज वेगळा. आज मोबाइलच्या कीबोर्डवरून दिलात, पाच वर्षांनी लॅपटॉपच्या इन्स्क्रिप्टवरून टाकलात आणि "चुकीचा पासफ्रेज". एलएनडी निदान चुकीचा आहे असं सांगतो, बिप ३९ वाली वॉलेट तेही सांगत नाहीत, मुकाट्याने दुसरं रिकामं वॉलेट उघडून देतात. रोमन लिपीत मराठी लिहिलं तरी "दुसरा" मध्ये ए एक की दोन हे तुम्हालाच आठवणार नाही. शिवाय गावाचं नाव, आरतीची ओळ, मुलीची जन्मतारीख हे अंदाज बांधणाऱ्याच्या पहिल्या यादीत असतं. फाशाने निवडलेले सहा-सात साधे इंग्रजी शब्द, सगळे लहान अक्षरांत, मध्ये एकेक स्पेस, आणि ते सुद्धा कागदावर, शब्दांपासून वेगळ्या जागी. डोक्यात ठेवतो म्हणणाऱ्यांसाठी प्रोग्रॅमर स्टेफन थॉमस यांचं उदाहरण बघा, ७००२ बिटकॉइन एका एन्क्रिप्टेड ड्राइव्हमध्ये, दहा प्रयत्नांपैकी आठ संपलेले, पासवर्डचा कागद सापडत नाही.